कॅलिफोर्नियात बॅकयार्डला लाकडी फेन्स घालायचीये, कॉन्ट्रॅक्टर अर्धे पैसे आधी मागतोय, द्यावेत का? खर्च साधारण किती येतो?

नका देऊ. अर्धे काय, पावसुद्धा नका देऊ. कॅलिफोर्नियात अशा कामाला ॲडव्हान्स म्हणून एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढंच घेता येतं, कायदाच आहे तसा. "मटेरियल आणायला लागतात" हे सगळेच म्हणतात.

हेच मी आमच्या भाऊजींना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. आम्ही फ्रीमाँटला, ते ट्रेसीला, दोघांच्या फेन्स एकाच उन्हाळ्यात करायच्या होत्या. तर म्हणे, "वहिनी, तुम्ही फार कायदा बघता, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी यालाच काम दिलंय." दिले अर्धे. त्या माणसाने जुनी फेन्स उखडली आणि मग फोन उचलणंच बंद, जाऊबाईंच्या मेथीच्या वाफ्यात शेजाऱ्यांचा कुत्रा लोळतोय आणि भाऊजी आपले "येईल, येईल". आला शेवटी, पण जे लाकूड लावलं ते बघून मी तिथेच तोंड उघडणार होते, नवऱ्याने डोळे वटारले म्हणून गप्प बसले.

आमच्यावाल्याचा मी आधी लायसन्स नंबर घेतला. फेन्सचं लायसन्स सी-१३, सीएसएलबी म्हणजे कॉन्ट्रॅक्टरना लायसन्स देणारं राज्याचं बोर्ड, त्यांच्या साइटवर नंबर टाकला की बाँड, वर्कर्स कॉम्प म्हणजे कामगारांचा विमा, सगळं दिसतं. आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये नुसतं 'रेडवुड' नाही, 'कॉन हार्ट' लिहून घेतलं, म्हणजे रेडवुडचा हार्टवुडवाला ग्रेड. ट्रक आला तेव्हा ड्राइव्हवेवर उभं राहून फळ्या बघितल्या. लालसर असतं ते हार्टवुड, खोडाच्या आतलं, ते लवकर कुजत नाही, कडेला पांढरट पट्टा दिसला की ते सॅपवुड, खोडाच्या बाहेरचं, त्याला कॉन हार्टचे पैसे द्यायचे नाहीत. पांढऱ्या फळ्या मी बाजूला काढायला लावल्या, तो पुटपुटला काहीतरी स्पॅनिशमध्ये, पण बदलून आणल्या. भाऊजींच्या फेन्सवर असे पांढरे पट्टे लांबूनसुद्धा दिसायचे.

पोस्ट म्हणजे खांब मात्र प्रेशर ट्रीटेडच घ्या, कुजू नये म्हणून औषध मुरवलेले. सहा फुटी फेन्सला निदान दोन फूट खोल खड्डा, खाली खडी, आणि कॉन्क्रीटचा वरचा भाग पोस्टपासून बाहेर उतरता करायला सांगा, म्हणजे पाणी साचत नाही. पोस्ट कुजतो तो खाली खोलात नाही, जमिनीच्या पातळीला.

मग २०२३ च्या जानेवारीत ती वादळं आली, एकामागून एक, जमीन भिजून नुसता चिखल. आमची फेन्स हलली नाही. भाऊजींची एक अख्खी बाजू शेजाऱ्यांच्या अंगणात आडवी, पोस्ट कॉन्क्रीटसकट उपटून आलेले आणि कॉन्क्रीट केवढं तर नारळाएवढं! त्यावर त्यांचं काय, "तुमच्याकडे वाराच नसतो वहिनी." बरं, ट्रेसीला वारा जास्त आहे, मान्य, जवळच्या आल्टामाँट खिंडीतल्या पवनचक्क्या काय उगाच लावल्यात का, पण मग खड्डा जास्त खोल नको का घ्यायला? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

खर्चाचं म्हणाल तर माझं बिल आता जुनं झालं, त्यावर जाऊ नका. तीन ठिकाणचे कोट घ्या आणि फुटाचा दर सांगतात त्यात जुनी फेन्स काढून नेणं आणि गेट धरलंय का ते विचारा.

शेजाऱ्यांना आधी सांगा हं. सिव्हिल कोड ८४१ प्रमाणे मधल्या फेन्सचा खर्च सहसा निम्मा-निम्मा, पण ३० दिवस आधी लेखी कळवावं लागतं. नोटीस द्यायच्या आधी प्रत्यक्ष जाऊन बोला, नाहीतर संबंध बिघडतात. एचओए म्हणजे घरमालकांची असोसिएशन असेल तर त्यांचे नियम वेगळेच.

आणि लायसन्सवाला म्हणजे देवमाणूस असं नाही, आमचं गेट पावसाळ्यात फुगून अडकतंच, दोनदा सांगून झालं.

हो, खणायच्या आधी ८११ ला फोन झालाय का बघा, फुकट असतं, गॅस-विजेच्या लायनी मार्क करून जातात. स्प्रिंकलरचे पाइप मात्र ते दाखवत नाहीत, ते तुम्हीच आधी दाखवून ठेवा, नाहीतर फुटलेला पाइप कोणी दुरुस्त करायचा यावर भांडण. भाऊजींकडे ते अजून चालू आहे.