ओट्यावर सनमायका : सिंकपाशी का फुगतो?

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या घरी प्लायच्या ओट्यावर स्वतःच सनमायका लावायचाय. शेजारी म्हणतात, दोन पावसाळ्यांत सिंकपाशी फुगेल. खरं का? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : फुगतो तो खालचा प्लाय, कापलेल्या कडेतून पाणी शिरल्यामुळे. म्हणून १९ मिमीचा, आयएस ७१० शिक्क्याचाच (पाण्यात टिकणारा मरीन) प्लाय घ्या. सिंकची खाच कापण्याआधी चारही कोपऱ्यांत १० मिमीचं भोक पाडा. काटकोनी कोपऱ्यातून सनमायकाला तडा जातो. उघड्या कडांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलरचे दोन हात मारा, पहिला पुरता वाळल्यावरच दुसरा. दिसत नाही म्हणून हेच काम बहुतेकदा राहून जातं.

रबर अ‍ॅडेसिव्ह प्लाय आणि सनमायका, दोन्हीला पातळ लावा. बोटाला चिकटेनासं झालं की बसवा. साधारण १०-१५ मिनिटं, दमट हवेत जास्त. एकदा टेकला की सरकत नाही, तेव्हा मध्ये कोरड्या लाकडी पट्ट्या ठेवून जागेवर आणा, मग एकेक पट्टी काढत मधून कडेकडे दाबा. घाई केली तर आत हवा अडकते. दर्शनी कडेची सनमायकाची पट्टी आधी, वरचा सनमायकाचा पत्रा नंतर, म्हणजे सांधा वर येत नाही. पत्रा ५ मिमी जादा ठेवा. जादा भाग घासताना कानस खालच्या दिशेनेच चालवा, वर ओढली की कड उडते.

अ‍ॅडेसिव्हची वाफ पेट घेते: पाइप गॅसचा कॉक बंद, खिडक्या उघड्या. शेवटी सिंकच्या कडेखाली सिलिकॉन अखंड फिरवा आणि २४ तास नळ सोडू नका.