सुरक्षा नियम कारखान्याचे, मग घरच्यांनी त्यात लक्ष का घालायचं?

तुम्ही विचारलंय की भाऊ नुकताच कारखान्यात लागलाय, तिथले सेफ्टीचे नियम पाळले जातात की नाही हे घरच्यांनी विचारावं का, की ती कंपनीची आणि त्याची बाब आहे. जरूर विचारा. मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण आमच्या घरी कारखाना रोज संध्याकाळी वडिलांच्या कपड्यांवरून यायचा.

वडील बॅटरीच्या कारखान्यात होते, शिशाच्या प्लेटा बनतात त्या खात्यात. पाळी सुटली की त्याच कपड्यांत घरी. धाकटा भाऊ तेव्हा रांगत होता. दार वाजलं की तो सरसर जाऊन त्यांच्या पायांना बिलगायचा. आई कपडे झटकून भिजत घालायची. ती करडी भुकटी आम्हाला साधी धूळच वाटायची. पुढे भावाचं पोट सारखं दुखू लागलं, तो चिडचिडा झाला, बोलायलाही उशिरा लागला. बरेच दिवस कारण सापडेना. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोण काय काम करतं?" रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं.

पोटात गेलेलं शिसं लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. त्याचा घाव वाढत्या मेंदूवर बसतो, आणि मुलांच्या रक्तात इतकं शिसं चालेल अशी कुठलीही सुरक्षित पातळी आजवर सापडलेली नाही. शिवाय रांगतं मूल जमिनीवरचा हात सरळ तोंडात घालतं. वडिलांना त्या वेळी वरवर काहीच होत नव्हतं, म्हणून कोणाला शंकाही आली नाही.

यावरचा उपाय अगदी साधा होता, आणि तो नियमांत कधीचा लिहिलेला आहे. अमेरिकेने १९७८ मध्ये शिशाच्या कामासाठी नियम केले. हवेतलं शिसं मर्यादेबाहेर असेल तिथे कामाचे कपडे मालकाने द्यायचे आणि त्यानेच धुवून घ्यायचे, पाळी संपल्यावर अंघोळीची सोय करायची, घरच्या आणि कामाच्या कपड्यांची जागा वेगळी ठेवायची, कामाच्या कपड्यांत कोणाला बाहेर पडू द्यायचं नाही. कारखान्यात कधी पाऊलही न टाकलेल्या पोराला हे नियम वाचवतात. वडिलांच्या कारखान्यात हे सगळं सुरू झालं ते तपासणी झाल्यावर. भावाच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरलं. शाळेत मात्र तो बरीच वर्षं मागे राहिला. आई अजून म्हणते, "मीच ते कपडे घरात झटकत होते." तिचा यात काडीचाही दोष नव्हता. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचीही तीच गोष्ट. नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा हा कर्करोग झाल्याचं लंडनमधल्या एका अभ्यासात १९६५ मध्येच दिसलं होतं. हा रोग वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनीही वर येतो.

अपघात म्हटलं की आपल्याला उंचावरून पडणं, यंत्रात हात जाणं एवढंच आठवतं. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार कामामुळे दरवर्षी जे २९ लाखांहून जास्त लोक मरतात, त्यातले सुमारे २६ लाख आजारांनी मरतात, म्हणजे बहुतेकांचा जीव यंत्रापाशी जात नाही. आजार वर्षानुवर्षं चालतो, आणि आजारी माणसाचं उठणं-बसणं, औषधपाणी, रात्रीची जागरणं घरची माणसं करतात. २०२२ मध्ये या संघटनेने सुरक्षित कामाची जागा हा कामगाराचा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. मला विचाराल तर त्याला फार उशीर झाला.

तुमच्या भावाला उपदेश करू नका, नेमकं विचारा. हातमोजे, मास्क कंपनी देते की स्वतः आणावे लागतात? यंत्र दुरुस्तीला घेतात तेव्हा वीज तोडून कुलूप लावतात का? टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासतात का? लागलं-खुपलं तर नोंद होते का? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. "घरी पडलो म्हणून सांग" असं कोणी म्हणालं आणि त्याने ऐकलं, तर पुढे भरपाई मागताना घरच्यांच्या हातात कागद राहत नाही. आणि घरात लहान मूल असेल तर कपड्यांचं आजच विचारा. कंपनीत सोय होईपर्यंत त्याने कपडे आणि बूट बाहेरच बदलावेत, ते न झटकता पिशवीत बांधून वेगळे धुवावेत, आणि अंघोळ झाल्यावरच बाळाला उचलावं.