जुनी स्कँडिनेव्हियन क्रोकरी जमवायची असेल तर पहिली खरेदी कशाची करावी?

स्वीडनला आल्यापासून तुम्हाला जुन्या कपबशांचा नाद लागलाय आणि पहिली खरेदी काय करावी, पारख कशी करावी, असं तुम्ही विचारलंय. मीही त्याच नादातला. माझं मत विचाराल तर बर्सो नक्षीच्या भांड्यांपासून सुरुवात करू नका.

हिरव्या पानांची ती नक्षी स्टिग लिंडबर्ग यांची, गुस्ताव्सबर्ग कारखान्यातली, १९६१ ते १९७४ मधली. ती सगळ्यांनाच हवी असते, म्हणून भाव चढलेले. त्यात तिचं उत्पादन पुन्हा सुरू झालंय, त्यामुळे नवा कप जुन्याच्या भावात गळ्यात पडू शकतो. डिशवॉशरमध्ये वर्षानुवर्षं धुतलेली पानं फिकी पडतात, तेही बघायला हवं.

त्यापेक्षा फिनलंडच्या अराबिया कारखान्याची रुस्का घ्या. उल्ला प्रोकोपे यांनी साठच्या दशकात आणलेलं हे जाड, तपकिरी स्टोनवेअर. भट्टीत झिलई प्रत्येक नगावर वेगळी उतरते: एक ताटली गडद चॉकलेटी, तर दुसरी गंजल्यासारखी तांबूस. म्हणून चार ठिकाणांहून एकेक घेतली तरी विजोड दिसत नाही. १९९९ पर्यंत ती बनत होती, त्यामुळे म्युरोर्नासारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत सापडते. शिवाय रोज वापरता येते, आणि आमटीचे डाग तिच्यावर दिसतच नाहीत!

घेताना कडेवरून बोट फिरवा. बारीक टवका डोळ्यांआधी बोटाला कळतो. मग मडकं घेताना मारतो तशी टिचकी मारा. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे, खाली ठेवा. ताटलीवरचे करडे ओरखडे मात्र बऱ्याचदा काटे-सुऱ्यांच्या धातूचे असतात, खाण्याच्या सोड्याने घासले की बरेचसे जातात.

वस्तू उलटी करून तळ वाचायची सवय लावा. डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगनच्या तळाला तीन निळ्या लाटा असतात. त्यांच्यावरून आडवा ओरखडा गेला असेल तर तो नग कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला. वापरायला खुशाल घ्या, पण पहिल्या प्रतीचा भाव देऊ नका.

आणि स्वस्त मिळतात म्हणून नुसत्या बश्या उचलू नका. कप फुटतात, बश्या उरतात, त्यामुळे जोडीचा कप शोधताना दमछाक होते. ट्रादेरा या स्वीडिश ऑनलाइन लिलावाच्या साइटवर बोली लावण्याआधी तळाचा फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तो नग सोडून द्या.