बघणारे बदलतात तिथेच भिंत

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला स्क्रीनशॉट बघितला. मेटाबेस हे तुमचे रिपोर्ट दाखवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या डाव्या रांगेत ४३ कलेक्शन्स, म्हणजे रिपोर्टचे फोल्डर. 'फील्ड', 'फील्ड नवीन', 'फील्ड फायनल', 'निफाड', 'दिंडोरी', 'हंगाम २३-२४', 'हंगाम २४-२५', 'साहेबांसाठी', 'साहेबांसाठी २'. आणि खाली तुझा प्रश्न : हे आता नीट लावायचं तर तालुक्याप्रमाणे लावू, हंगामाप्रमाणे की विभागाप्रमाणे?

तिन्ही नको. विषय लावायला नाव आहे, वर्णन आहे, सर्चची पेटी आहे. फोल्डरचं काम वेगळं, कारण परवानगी फोल्डरला चिकटते. कोणाला काय दिसणार हे ज्या एका जागी ठरतं ती जागा तू तालुके मांडण्यात खर्च करून बसलीस. म्हणून नियम एकच, आणि तो मी या पत्रात इतक्यांदा सांगणार आहे की तुला कंटाळा येईल : बघणारे बदलतात तिथेच नवा फोल्डर. बघणारे तेच असतील तर फोल्डर करायचा नाही. कोल्ड स्टोअरमध्ये तापमान बदलतं तिथे भिंत घालतात, पेटीचा रंग बदलला म्हणून कोणी घालत नाही.

आता तुमच्याच कंपनीचं घे. द्राक्ष एक्सपोर्ट. बघणारे कोण कोण? बागेवर जाणारी फील्डची माणसं, पॅकहाऊसचे सुपरवायझर, अकाउंट्स, एक्सपोर्ट डेस्क, संचालक आणि वर्षातून काही आठवडे येणारी सीएकडची मंडळी. झाले सहा गट. या सहांना कोणती माहिती चालते आणि कोणती नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. फील्डच्या माणसाला प्लॉटची नोंदणी, फवारणीच्या तारखा आणि रेसिड्यू रिपोर्ट (फळात राहिलेल्या औषधाच्या अंशाचे) दिसायलाच हवेत, त्याचं काम त्यावर चालतं. पण कोणत्या बागायतदाराला किलोला काय दर दिला हे त्याला दिसलं, तर संध्याकाळपर्यंत पिंपळगावच्या चहाच्या टपरीवर ते बोललं जाईल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा शेतकरी दारात उभे. एक्सपोर्ट डेस्कला युरोपातल्या खरेदीदाराचा भाव माहीत असतो, अकाउंट्सला शेतकऱ्याचा दर. दोन्ही एका पानावर आले की मार्जिन उघडं पडतं. ते पान फक्त संचालकांचं.

सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी एक मोठा कागद घे. एक्सेलही चालेल, पण कागदावर माणूस विचार करतो. डावीकडे एकाखाली एक सगळे रिपोर्ट आणि डॅशबोर्ड, वर सहा गट. ज्याला बघायचंय त्याच्याखाली बरोबरची खूण. 'उपयोगी पडेल' म्हणून खूण करायची नाही, 'याच्याशिवाय काम अडेल' असेल तरच. मग ज्या ओळींच्या खुणा हुबेहूब सारख्या आहेत त्या एकत्र कर. प्रत्येक गठ्ठा म्हणजे एक कलेक्शन. तुमच्यासारख्या ठिकाणी पाच ते आठ गठ्ठे पडतात. जास्त पडले तर बहुधा कोणाच्या तरी रागालोभाच्या खुणा शिरल्यात, त्या तपासून बघ.

उदाहरणार्थ, 'पॅकहाऊसला रोज आलेला माल' आणि 'प्लॉटवार रेसिड्यू'. एक रिपोर्ट आवकेचा, दुसरा प्रयोगशाळेचा. विषय पूर्ण वेगळे, पण बघणारे तेच : फील्ड, पॅकहाऊस, एक्सपोर्ट. मग दोन्ही एकाच कलेक्शनमध्ये. उलट 'शेतकरीवार वजन' आणि 'शेतकरीवार पेमेंट' हे सख्खे भाऊ वाटतात, एकाच टेबलातून येतात, तरी दोन वेगळ्या कलेक्शन्समध्ये जातील, कारण दुसऱ्यात बँक खाते आहे. आणि हंगामाचं कलेक्शन तर नकोच नको. बघणारे दरवर्षी तेच, मग २४-२५ आणि २५-२६ या दोन जागा कशासाठी? एकच रिपोर्ट ठेव आणि त्याला तारखेचा फिल्टर लाव. नाही तर दर वर्षी नक्कल होते, नकलेत सूत्र सुधारायचं राहतं आणि मार्चमध्ये दोन आकडे घेऊन दोन माणसं भांडत तुझ्याकडे येतात.

आता मेटाबेस. इथे काही गोष्टी घट्ट डोक्यात ठेव.

पहिली, 'ऑल युजर्स' हा गट. प्रत्येक खातं त्यात असतंच, कोणालाही त्यातून काढता येत नाही. आणि मेटाबेसमध्ये एक माणूस अनेक गटांत असेल तर जो गट सर्वांत सैल, त्याचं चालतं. म्हणजे 'फील्ड' गटाला पेमेंटच्या कलेक्शनवर 'नो अ‍ॅक्सेस' लावून तू निश्चिंत झालीस, पण 'ऑल युजर्स'ला तिथे 'व्ह्यू', म्हणजे बघायची परवानगी, राहिलं असेल, तर कुलूप शोभेचं. तुझ्या दुसऱ्या मेलमधलं 'बंद केलं तरी दिसतंय' हे कोडं बहुतेक एवढंच आहे. सॉफ्टवेअरमध्ये बग नाही गं.

दुसरी, वारसा. नवं कलेक्शन जन्मताना वरच्याची परवानगी उचलतं, पण त्यानंतर दोघांचा संबंध तुटतो. वरचं बंद केलं म्हणून आतलं आपोआप बंद होत नाही. बदल करताना 'आतल्या कलेक्शन्सनाही लावा' हे बटण असतं, ते दाबलं तर. म्हणून खोल घरटी करू नकोस. 'अवर अ‍ॅनालिटिक्स' या मुळाच्या कलेक्शनखाली एकच पातळी. बघणारे बदलतात तिथे भिंत हा नियम पाळलास तर दुसऱ्या पातळीची गरज क्वचितच पडते.

तिसरी गोष्ट लोकांना पटत नाही, तरी आहे. टेबलावर हक्क नसला तरी त्या टेबलावरून बनवलेला, साठवलेला प्रश्न (मेटाबेस एकेका रिपोर्टला 'प्रश्न' म्हणतं) ज्या कलेक्शनमध्ये आहे तिथे 'व्ह्यू' असेल, तर त्याचं उत्तर दिसतं. पेमेंटचं टेबल बंद करून पेमेंटचा प्रश्न सामायिक कलेक्शनमध्ये टाकलास, तर टेबल बंद केल्याचा काही उपयोग नाही. याची दुसरी बाजू म्हणजे डॅशबोर्ड एका जागी आणि त्यातलं एखादं कार्ड दुसऱ्या कलेक्शनमध्ये. मग बघणाऱ्याला त्या चौकटीत परवानगी नसल्याचा निरोप दिसतो आणि तो तुला फोन करतो की डॅशबोर्ड बिघडला. नव्या आवृत्त्यांत प्रश्न थेट डॅशबोर्डमध्येच साठवता येतो. तसाच साठवत जा.

आता क्रम, कारण क्रम चुकला तर सकाळी सात वाजता पॅकहाऊसमधून फोन येतील. आधी सहा गट कर आणि माणसं त्यांत घाल. मग कागदावरची कलेक्शन्स कर आणि प्रत्येकावर गटांचे हक्क लाव. 'क्युरेट', म्हणजे बदल करायचा हक्क, फक्त एका गटाला, बाकी सगळ्यांना 'व्ह्यू'. कच्चं काम ज्याने त्याने आपल्या वैयक्तिक कलेक्शनमध्ये करावं. त्यानंतर रिपोर्ट हलव. हलवलं की ते नव्या जागेची परवानगी घेतात. हे सगळं जागेवर बसलं की शेवटी, शिफ्ट संपल्यावर, 'ऑल युजर्स'चं 'व्ह्यू' आणि 'क्युरेट' प्रत्येक कलेक्शनवरून काढ, मुळावरूनही. डेटाच्या परवानग्यांतही 'ऑल युजर्स'ला 'क्रिएट क्वेरीज', म्हणजे नवे प्रश्न बनवायचा हक्क, नको. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला थेट विचारायची भाषा, लिहायची मुभा तुला आणि तुझ्या जागी बसणाऱ्या दुसऱ्या एकाला, बस. ज्याला एसक्यूएल लिहिता येतं त्याला त्या डेटाबेसमधलं सगळं वाचता येतं, मग तू कलेक्शन्स कितीही सुंदर लावलेली असोत.

आणि ती सगळ्यांची आवडती पळवाट : "डॅशबोर्डवर तालुक्याचा फिल्टर लावून देते ना, मग त्याला फक्त निफाड दिसेल." फिल्टर म्हणजे कुलूप नव्हे. तू लावलास तरी बघणारा तो काढूही शकतो. माणसागणिक ओळी झाकायची सोय मेटाबेसच्या प्रो आणि एंटरप्राइज या विकतच्या आवृत्त्यांत आहे, तुम्ही वापरता त्या फुकटच्या आवृत्तीत नाही. तुमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे, म्हणून काम तिथे कर : वेगळी स्कीमा (डेटाबेसमधला कप्पा), त्यात बँक खाते आणि आधार वगळून केलेले व्ह्यू (टेबलाची निवडक रूपं, मघाची परवानगी नव्हे), आणि मेटाबेस ज्या डेटाबेस युजरने जोडला जातो त्याला फक्त त्या स्कीमावर 'सिलेक्ट', म्हणजे वाचायचा हक्क. पेमेंटसाठी दुसरा डेटाबेस युजर आणि दुसरं कनेक्शन. जे मेटाबेसपर्यंत पोचलंच नाही ते कोणत्या फोल्डरमधून गळणार?

शेतकऱ्याचा आधार क्रमांक हा काही आपल्या मर्जीचा मामला नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साहेब 'एवढं कशाला' म्हणाले तर हे वाक्य त्यांना दाखव, माझं नाव सांगू नकोस.

आता अपवादांकडे ये. अपवादच सगळं नासवतात. "मला फक्त तो एक रिपोर्ट दे" असं कोणीतरी म्हणणारच. मेटाबेसमध्ये सुट्या माणसाला हक्क देता येत नाही, गटालाच द्यावा लागतो, म्हणून लोक एकेका माणसाचा गट काढतात आणि त्याला माणसाचंच नाव देतात. तसं करू नकोस. गटाला कामाचं नाव दे, आत आज एकच माणूस असला तरी. उद्या तो माणूस गेला की गटातून नाव काढायचं, दुसरं घालायचं, कलेक्शनला हात लावायचा नाही. आणि मागणारा कोण हे बघण्याआधी तक्ता बघ. त्याच्या गटाला खूण बसत असेल तर गटाला दे. बसत नसेल तर नाही म्हण. नाही म्हटल्याने चिडतात. चिडू देत. या नकारापायी मला खडूस, फायलींवर बसलेला म्हातारा, सगळं काही म्हणून झालंय. पण ज्या कलेक्शनच्या परवानग्या एका वाक्यात सांगता येतात त्याच टिकतात, हे मी आजही छातीवर हात ठेवून म्हणतो. खंत एवढीच, की आम्ही या धंद्यातल्या माणसांनी रिपोर्ट सजवायला वर्षं घातली आणि कोण बघणार यावर तासभर बसायचा कंटाळा केला.

दोन दारं मागच्या बाजूला आहेत, ती आजच बघ. एक, पब्लिक लिंक. ती ज्याच्या हाती पडेल त्याला लॉगिनशिवाय उघडते, आणि तुमच्याकडे प्रत्येक गोष्ट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते. अ‍ॅडमिन सेटिंग्जमध्ये चालू लिंकांची यादी मिळेल. गरज नसेल तर ती सोयच बंद कर. दोन, डॅशबोर्डचं सबस्क्रिप्शन. मेल जातो तो बनवणाऱ्याच्या परवानगीने, घेणाऱ्याच्या नाही. तू लावलेला सोमवारचा मेल म्हणजे तुझे डोळे दुसऱ्याला दिल्यासारखं. कोणाकोणाचे पत्ते त्यात आहेत हे एकदा वाच, बाहेरचे विशेषतः.

तू विचारलंस की उद्या मेटाबेसऐवजी पॉवर बीआय किंवा टॅब्लो ही रिपोर्टची दुसरी सॉफ्टवेअरं आली तर हे सगळं वाया जाईल का. तक्ता तोच राहील, बारकावे बदलतील. टॅब्लोमध्ये दोन गटांत मतभेद असेल तर नकार जिंकतो, मेटाबेसच्या अगदी उलट. शिवाय सुट्या माणसाला लावलेला नियम गटाच्या नियमावर मात करतो. तिथे प्रोजेक्टच्या (म्हणजे तिथल्या फोल्डरच्या) परवानग्या लॉक करून टाकायच्या, म्हणजे आतल्या वर्कबुकवर कोणी परस्पर उद्योग करत नाही. पॉवर बीआयमध्ये ओळी झाकायचा नियम वर्कस्पेसच्या (तिथल्या सामायिक जागेच्या) 'व्ह्यूअर'लाच लागू होतो. एखाद्याला सोयीसाठी 'कॉन्ट्रिब्युटर' केलंस की त्याला सगळं दिसतं. तिथेही वर्कस्पेस कधी करायचा? बघणारे बदलतात तेव्हा.

चाचणीबद्दल थोडक्यात. तू अ‍ॅडमिन आहेस, तुला सगळं दिसतं, म्हणून तुझ्या खात्यावरून तपासणं निरर्थक आहे. प्रत्येक गटाचं एक नकली खातं कर. इनकॉग्निटो खिडकीत त्या खात्याने शीर आणि सर्चमध्ये 'दर', 'पेमेंट', 'खाते' हे शब्द टाक. काय उगवतं ते लिहून ठेव. नावं कधी मराठीत, कधी इंग्रजीत असतील तर दोन्ही शब्द टाकून बघ, आणि पुढे नाव द्यायची एकच पद्धत ठरव : आधी विषय, मग मोजमाप, मग कालावधी. 'रेसिड्यू, प्लॉटवार, साप्ताहिक'. 'फायनल' हा शब्द नावात दिसला तर रिपोर्ट कचऱ्यात.

हंगामी माणसांचं वेळापत्रक तुमच्याकडे आयतंच आहे. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, उरकली की नवे सुपरवायझर यायच्या आधी गट तपास. खरड छाटणी, म्हणजे माल तोडून झाल्यावरची, सुरू झाली की पॅकहाऊस गटातली गेलेल्यांची खाती डीअ‍ॅक्टिव्हेट कर. त्यांनी केलेले प्रश्न राहतात, फक्त दार बंद होतं. सीएच्या गटातली खाती ऑडिट संपल्याच्या दिवशीच बंद कर.

रविवारपर्यंत तक्त्याचा फोटो पाठव. खुणा पेनाने केलेल्या हव्यात, आणि ज्या खुणेबद्दल शंका आहे तिथे गोल कर. तो बघितल्याशिवाय 'ऑल युजर्स'ला हात लावू नकोस.

तुझा,
काका