कोणी न पाहिलेल्या फिल्म नॉयरवर लिहिण्यासारखं काय सापडणार?

तुम्ही विचारलंय की गाजलेल्या नॉयर सिनेमांवर, म्हणजे १९४०-५० च्या दशकांतल्या काळोख्या अमेरिकन गुन्हेपटांवर, सगळं लिहून झालंय, मग हौसेखातर विस्मरणात गेलेले घेतले तर त्यात सापडणार काय? सापडतं. पण पहिल्यांदा बघून नाही.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. दुसरी पाळी सुटून घरी येऊन जेवेपर्यंत रात्रीचा एक वाजतो. त्या वेळेला तीन तासांचा पिच्चर कुणाला झेपतोय? हे कमी पैशातले जुने नॉयर बरेचदा सव्वा तासाच्या आत आटपतात, म्हणून बघायला लागलो. कलेची ओढ वगैरे काही नव्हती.

एडगर उल्मरचा 'डीटूर' (१९४५) बघा. पैशाची इतकी ओढाताण, की न्यूयॉर्कचा रस्ता दाखवायला नुसतं धुकं सोडलंय. त्यातून दोघं चालत जातात, शहर आपणच मनात उभं करायचं. पुढे नायक लिफ्ट मागत लॉस एंजेलिसला निघतो. पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे नकाशाप्रमाणे पडद्यावर उजवीकडून डावीकडे. दिशा जुळावी म्हणून काही शॉट चक्क उलटे करून घातलेत. त्यामुळे तेवढ्यापुरतं गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे गेलंय आणि गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतायत. अमेरिकन माणसाला हे खटकणारच. मी दिवसभर गाड्यांचे पार्ट हाताळतो, तरी दोनदा बघून मला काही वाटलं नाही. आपल्याकडे गाडी अशीच असते की! तिसऱ्यांदा बघताना ताडकन उठून बसलो. त्या रात्री चार पानं लिहिली. ती मला अजून आवडतात, कारण त्यातली गंमत इथल्याच माणसाची आहे.

एकदा मात्र तोंडावर आपटलो. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे कॉपीराइट २८ वर्षांचा असे, मग नूतनीकरण करावं लागे. अनेकांनी ते केलंच नाही, त्यामुळे 'डीटूर'सारखे सिनेमे कायद्याने मोकळे झाले. फुकट बघायला मिळतात, पण कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. असल्याच एका प्रिंटवर मी 'अर्थपूर्ण काळोख' म्हणून पानभर लिहिलं. २०१८ साली 'डीटूर'ची दुरुस्त केलेली प्रत निघाली, ती पुढे माझ्या बघण्यात आली, तर निम्मा काळोख प्रिंटचाच! तेव्हापासून चांगली प्रत मिळेपर्यंत प्रकाशाबद्दल चकार शब्द लिहीत नाही.

आणि प्रकाश हाच तर या सिनेमांचा जीव. जॉन आल्टन या कॅमेरामनचा 'रॉ डील' (१९४८) बघा. काय उजळायचं यापेक्षा काय अंधारात ठेवायचं, हे त्याला नेमकं कळायचं. (ऑस्कर मात्र रंगीत संगीतपटासाठी मिळालं, नशीब!) तो बघितल्यावर कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरला, इथल्या सिनेमाचं स्मारक असलेल्या कॅमेरा स्तंभापाशी थोडा वेळ थांबलो होतो. कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी १९२३ च्या 'सिंहगड' या मूकपटात कृत्रिम प्रकाश वापरला, तोही याच गावात. दोन्हींचा संबंध जोडा असं म्हणत नाही, ओढूनताणून होईल. पण दिवा कुठे ठेवायचा या प्रश्नाशी आपल्या गावाची जुनी ओळख आहे, एवढं डोक्यात राहिलं.

लिहिताना गोष्ट सांगत बसू नका. सिनेमा कोणी पाहिलेला नसतो, त्यामुळे सगळी कथा सांगायचा मोह होतो, आणि वाचणारा दुसऱ्या परिच्छेदात उठतो. 'डी.ओ.ए.' (१९५०) मध्ये एक माणूस स्वतःच्याच खुनाची तक्रार द्यायला पोलिसांकडे येतो. कथा एवढीच सांगायची. मग जिथे तुम्ही थांबून मागे नेऊन बघितलंत, त्या एका जागेवर लिहायचं.

वाचणार कोण, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. माझे मोजून पाच जण आहेत. त्यातला एक मेहुणा. त्याने अजून एकही सिनेमा पाहिलेला नाही, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं तपासून देतो.