डोंगरात जेसीबी शिरला, नोटीस मात्र मला आली

प्रश्न: आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला मानपाड्याच्या बाजूला राहतो. सोसायटीमागच्या डोंगरात आजवर फक्त पायवाट होती. दिवाळीनंतर तिथे जेसीबी लावून रुंद रस्ता काढला, झाडं पाडली, ‘खाजगी मालमत्ता’ असा बोर्ड ठोकला. विचारलं तर म्हणतात, रस्ता पाड्यासाठी आहे. सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन वनखात्याला आणि महापालिकेला दिलं, उत्तर नाही. मी व्हिडिओ ग्रुपवर टाकला म्हणून आता बदनामीची वकिली नोटीस आली आहे. काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: नमस्कार ताई,

नोटीस म्हणजे खटला नव्हे. घाबरू नका, पण ती घरात पडूनही राहू देऊ नका. दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि त्याचे अपवादही तिथेच आहेत. लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट, किंवा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. तुमचं निवेदन त्यात बसतं. ग्रुपवर मात्र कुणी ‘पैसे खाल्ले’, ‘चोर’ असं पुराव्याशिवाय लिहू नये. व्हिडिओची मूळ फाइल पुसू नका. तारखेसकट तोच तुमचा मोठा पुरावा आहे.

आता त्या बोर्डाकडे वळू. तो वाचून बहुतेक लोक माघारी फिरतात, आणि मला याचंच वाईट वाटतं. १९८० च्या वन कायद्याच्या कलम २ नुसार वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शब्दकोशातल्या अर्थाने जे वन, त्यालाही हा कायदा लागू. मालकी कोणाचीही असो. २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याप्ती आक्रसली, पण १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने तूर्त १९९६ चाच अर्थ धरायला सांगितलं आहे. तुमच्या समोरची बाजू बहुधा २०१४ च्या गोदरेज निकालाचा आधार घेईल. १९२७ च्या जुन्या वन कायद्याच्या कलम ३५(३) ची नोटीस नुसती काढून भागत नाही, मालकावर बजावलेली असावी लागते, नाहीतर खाजगी वन सरकारजमा होत नाही, असा तो निकाल. पण तो मालकीबद्दल आहे. मालकी सिद्ध झाली म्हणून जंगल तोडायची मंजुरी मिळाली, असं होत नाही.

म्हणून आधी सर्व्हे नंबर शोधा. सात-बारा काढा आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘राखीव वन’, ‘खाजगी वन’ असा शेरा आहे का पाहा. जुने फेरफारही मागवा, शेरा कधी चढला आणि कधी कमी झाला ते तिथेच कळतं. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशा घ्या. डोंगरात वनखात्याचे हद्दीचे दगड असतील तर त्यांचे आणि कापलेल्या बुंध्यांचे फोटो लोकेशनसह काढा. मग दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा: या सर्व्हे नंबरवर केंद्राची मंजुरी आहे का, असल्यास प्रत द्या. हा कागद सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त काम करतो. निवेदनाची पोच, आवक क्रमांकासह, जपून ठेवा.

वेळ थोडा आहे. पुण्यातल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात कलम १४ खाली अर्ज करायचा तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने मिळतात. सबळ कारण दाखवलं तर वर साठ दिवस. खात्याला पत्रं पाठवत राहिलात म्हणून ही मुदत थांबत नाही. चांगल्या चांगल्या केसेस मी याच एका कारणाने गेलेल्या पाहिल्या आहेत. नुकसानभरपाई मागायची नसेल तर फी हजार रुपये आहे. जागा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत निघाली तर वन्यजीव कायदा येतो. न्यायाधिकरण ज्या कायद्यांखालचे वाद ऐकतं त्यांच्या यादीत तो नाही, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागेल. उद्यानाबाहेरचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ५ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने ठरलं आहे, तो नकाशाही ताडून पाहा.

पाड्याच्या रस्त्याचं वेगळं बघा. आदिवासींचा रस्त्यावर हक्क आहे आणि आपण बिल्डिंगमध्ये राहून त्याला आडवं जाऊ नये. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) अशा रस्त्याला परवानगी देतं. त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडणं आणि ग्रामसभेची शिफारस या अटी आहेत. पाड्यावर जा, तिथल्या लोकांना विचारा: ठराव झाला का? रस्ता पाड्यापाशी थांबतो की पुढे मोकळ्या प्लॉटकडे जातो? ठराव झालाच नसेल तर पाड्यावरची माणसंच तुमच्याबरोबर उभी राहतील, आणि त्यांचं म्हणणं न्यायालयात तुमच्या-माझ्यापेक्षा वजनदार ठरेल.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नोटीस, सात-बारा आणि व्हिडिओ याच आठवड्यात घेऊन जा. मधल्या काळात जेसीबी पुन्हा दिसला तर १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.