जुन्या कॅसेट डेकचा आवाज दबलाय, सूर डुलतात आणि मधूनच टेप गुंतते. घरच्या घरी काय करता येईल?

तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, पण सुरुवात सफाईपासूनच करा. ती होईपर्यंत एकाही स्क्रूला हात लावू नका, हेडशेजारच्या (हेड म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग) तर नाहीच.

९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. ७० टक्केवाल्यात पाणी बरंच असतं. कान साफ करायच्या काडीने हेड पुसा. काडीवर येणारा तपकिरी डाग म्हणजे टेपवरून झडलेला ऑक्साइड. तो यायचा थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. मग कॅपस्टन, म्हणजे टेप ओढणारा बारीक स्टीलचा दांडा. त्यावर मळाचं कडं चढलेलं असतं, त्याने वेग हलतो. शेवटी टेप कॅपस्टनवर दाबून धरणारा रबरी रोलर. याला अल्कोहोल वारंवार लावलं तर रबर कडक होतं, म्हणून साबणाच्या पाण्यात किंचित भिजवलेलं फडकं बरं. स्वच्छ रोलर मंद काळा दिसतो. पुसूनही चकाकत असेल तर बदला.

पावसाळ्यात बुरशी धरलेली कॅसेट डेकमध्ये घालू नका. पांढरी पूड थेट हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते.

टेप गुंतते ती बहुतेक वेळा टेप गुंडाळून घेणारी उजवी चकती पुरेशी ओढत नाही म्हणून. आधी कॅसेटची परीक्षा घ्या: षटकोनी पेन्सिलीने चाक फिरवा, जड लागलं तर दोष कॅसेटचा. हलकं फिरतंय? मग प्ले चालू असताना उजवी चकती बोटाने हलकेच अडवून पाहा. लगेच थांबली तर बेल्ट किंवा आयडलरचं (चकतीला फिरवणाऱ्या छोट्या चाकाचं) रबर ढिलं झालंय.

सफाईनंतरही सूर डुलत असतील तरी संशय बेल्टवरच. जुना बेल्ट कधीकधी काळ्या चिकट डांबरासारखा वितळलेला सापडतो. हातमोजे घाला, कारण तो डाग कातडीवरून सहजी जात नाही. पुलीवरचा मात्र अल्कोहोलने निघतो. नव्या बेल्टच्या मापासाठी पुल्यांभोवती बेल्टच्याच वाटेने दोरा फिरवा, लांबी मोजा आणि तिच्यापेक्षा सुमारे ५ टक्के कमी घेराचा बेल्ट घ्या. फार ताठ बेल्ट मोटरच्या बेअरिंगवर ताण टाकतो. जाडी नि आकार (चौकोनी की चपटा) जुन्यासारखाच हवा.

डुलणं वेगळं आणि सगळंच हळू किंवा जलद वाजणं वेगळं. ते मोजायचं तर ३१५० हर्ट्झची टेस्ट कॅसेट वाजवून फोनमधल्या फ्रिक्वेन्सी ॲपवर बघा. ३१ हर्ट्झचा फरक म्हणजे साधारण १ टक्का. बऱ्याच डी.सी. मोटरींच्या मागे छोटं छिद्र असतं, त्यातला स्क्रू अगदी थोडा फिरवून वेग जुळतो. पण हे नवा बेल्ट बसवल्यावर, आधी नाही.

आता दबका आवाज. डॉल्बी, म्हणजे टेपची खरखर कमी करणारी सोय, चुकून चालू राहिलं नाही ना, हे पाहा. डॉल्बीशिवाय रेकॉर्ड केलेली कॅसेट त्यावर घोंगडीतून ऐकल्यासारखी वाजते. तेही नसेल तर ॲझिमथ, म्हणजे हेडचा तिरपेपणा. विकत घेतलेली, चांगली वाजणारी कॅसेट लावा, ॲम्प्लिफायर मोनोवर ठेवा आणि हेडचा स्प्रिंगवाला स्क्रू पाव फेऱ्याच्या आतच इकडेतिकडे फिरवून झांजेचा आवाज सर्वांत लख्ख येईल तिथे थांबा. जागा पक्की झाली की नेलपॉलिशचा थेंब लावा.

मात्र याच डेकवर घरी भरलेल्या कॅसेटी जुन्या तिरपेपणावर भरलेल्या असतात. त्यांची डिजिटल नक्कल करायची असेल तर ती या स्क्रूला हात लावण्याआधी उरका.